तिसऱ्या गिअरवर

आमच्या आत्ताच्या गाडीत स्टेअरिंगमागं एक आकडा दिसतो, लिटरमागं किती किलोमीटर गेली त्याचा. नांदेडच्या रस्त्यांवर तो आकडा दिवसेंदिवस खालीच जातो, आणि घरातल्या आजारी माणसाच्या तापाकडं बघावं तसं माझा मुलगा त्याच्याकडं बघतो. मध्यंतरी तो गाडी वर्कशॉपला घेऊन गेला. तिथं त्यांनी वायर लावून कॉम्प्युटरवर तपासली, फिल्टर बदलला, चाकांत हवा भरली आणि सांगितलं, गाडीत दोष नाही, चालवणाऱ्यात आहे. मुलगा घरी येऊन दिवसभर चिडचिड करत होता. मी त्याला चहा दिला. हे वाक्य मी आमच्या घरातल्या माणसाबद्दल पूर्वी एकदा ऐकलेलं आहे. ज्यांनी ते ऐकून घेतलं त्यांनी चिडचिड केली नव्हती. आता मी रिटायर झाले, पाय सुजतात, जास्त वेळ बसून लिहवत नाही. तरी ही एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, कारण ती माहीत असलेली आमच्या घरातली आता मी एकटीच उरले आहे.

आमचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून आत. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी-पिवळी जीप होती. म्हणजे अर्धी अण्णांची आणि अर्धी मामांची. मामांचं औशात बी-बियाण्यांचं दुकान होतं, बहिणीच्या शब्दावर त्यांनी गाडीत भागी घेतली होती. डिझेल त्यांच्या ओळखीच्या पंपावर भरलं जायचं, त्यामुळं गाडी किती पिते हे मामांना गल्ल्यावर बसल्या बसल्या कळायचं. सकाळी आमच्या घरात दोन आवाज असायचे: माय भाकरी थापायची त्याचा आणि जीप खोकायची त्याचा. बॅटरी कमजोर होती, म्हणून अण्णा गाडी उतारावर लावायचे. तरी थंडीत शेजारचे दोघं-तिघं मागून ढकलायला लागायचे आणि ढकलता ढकलता त्यांची रोजची थट्टा व्हायची, "अण्णा, एवढं ढकलत लातूरपस्तोर नेलं तर भाडं आम्हालाच द्या." अण्णा हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून उभ्या उभ्या खायची, वर शेंगदाण्याची चटणी, तांब्याभर पाणी, आणि निघायचं. त्यांच्या सदऱ्याला डिझेलचा वास असायचा. माय सोडा घालून सदरा उकळायची, पण वास जायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना असाच वास येतो.

मी बारावी झाले आणि लातूरला बी.एस्सी.ला नाव घातलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे सांगताना मी आजही आवाज मुद्दाम मोठा करते, ज्यांना आवडत नाही त्यांनी कानात बोटं घालावीत. एस.टी. आमच्या गावात दिवसाकाठी एकदा यायची, तीही कॉलेज सुटल्यावर पोचेल अशा वेळेला. राहिली जीप. पण जीपमध्ये माणसं कशी भरतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मधल्या आणि मागच्या बाकड्यांवर मांडीला मांडी, मागं लटकणाऱ्याची काख बसलेल्याच्या तोंडाशी, कुणाचा हात कुठं हे त्यालाही सांगता येणार नाही. माझ्याबरोबर गावातल्याच शकू आणि बिल्कीस या दोघीही पास झाल्या होत्या आणि दोघींच्या घरून नाही होतं. अण्णा न बोलणारे माणूस, पण त्या वेळी ते स्वतः दोघींच्या घरी गेले. शकूच्या बापाला म्हणाले, "माझ्या गाडीत पोरी पुढं बसतील. माझ्याजवळ. कुणाचा धक्का लागणार न्हाई." बिल्कीसच्या अब्बांनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या जबानीवर पोरगी पाठवतो. कॉलेजच्या भरोशावर न्हाई." दोघी यायला लागल्या त्या या एका वाक्यावर.

पुढच्या सीटवर अण्णांच्या शेजारी आम्ही तिघी. मला गाडी लागायची, डिझेलच्या वासानं पोटात ढवळायचं, म्हणून खिडकी माझी. मध्ये बिल्कीस, आणि अण्णांच्या बाजूला शकू. गिअरचा दांडा शकूच्या पायाशी. ती दोन्ही गुडघे बिल्कीसकडं वळवून, ओढणी घट्ट ओढून बसायची. आम्ही लातूरला उतरलो की अण्णांचा दिवस स्टँडबाहेर नंबर लागायची वाट बघण्यात जायचा, कारण जीपा खूप आणि माणसं कमी. कॉलेज सुटलं की तीच गाडी, तीच सीट, परत गाव. मी खिडकीबाहेर तोंड काढून आवळासुपारी चघळत बसायची. गाडीचा सतत एक चढा, चिरका आवाज असायचा. त्याआधी मी रोज जीपमध्ये कधी बसले नव्हते, त्यामुळं जीप अशीच ओरडते अशी माझी समजूत. मागची माणसं कधी कधी बोलायची, "डायवर, बैलगाडी झाली का?" अण्णा म्हणायचे, "रस्ता खराब हाय."

त्या पावसाळ्यापासून गाडी जास्त डिझेल प्यायला लागली. पंपावरून मामांकडं आणि मामांकडून आमच्याकडं ही बातमी आली. अण्णा गाडी घेऊन रशीदभाईंकडं गेले. रशीदभाईंचं गॅरेज लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळात होतं आणि आमच्या भागातल्या निम्म्या जीपा त्यांच्याच हाताखालून जायच्या. त्यांनी आधी एअर फिल्टर उघडला. त्यातल्या तेलात आमच्या काळ्या मातीचा गाळ बसला होता, तो धुऊन नवं तेल घातलं. मग डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. चाकं जॅकवर उचलून एकेक हातानं फिरवून बघितलं, ब्रेक धरून राहतोय का. एक किंचित घासत होतं, ते मोकळं केलं. कुठं पाझर आहे का हे बघायला गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर पुठ्ठा कोरडाच. दरवेळी अण्णा घरी येऊन मायला सांगायचे, आता हे केलं, आता ते केलं. त्या सांगण्यात जोर नसायचा. मला तेव्हा वाटायचं की ते दमलेत. दमले होतेच. दरवेळी पुढच्या आठवड्यात पंपावरून तोच निरोप यायचा.

शेवटी मामा स्वतः आले आणि रशीदभाईंना म्हणाले, बाटली लावा. टाकीचा पाइप सोडायचा, बॉनेटपाशी मापाची बाटली टांगायची, तिच्यात मोजून डिझेल घालायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. कुठं बंद पडली त्यावरून गाडीची भूक कळते. स्टेअरिंगवर रशीदभाई बसले, शेजारी मामा. अण्णांना मागं बसवलं. स्वतःच्या गाडीत मागच्या बाकड्यावर, प्रवाशासारखं. मी कॉलेजातून सुटून तिथंच आले होते, मीही मागं. इंजिनपाशी बाटली खडखडत होती, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर, आणि मी ओकारी आवरत डोळे मिटून बसले होते. मामांनी जिथवर धरलं होतं त्याच्या कितीतरी पुढं जाऊन गाडी थांबली. रशीदभाई खाली उतरले, फडक्यानं हात पुसले. "गाडीत काही न्हाई, शेठ. घोडा हाय घोडा."

मामा म्हणाले, "मग खातंय कोण? घोडा का घोडेवाला?"

रशीदभाईंनी मान खाली घालून बाटली सोडायला घेतली. अण्णा रस्त्याच्या कडेच्या बाभळीकडं बघत होते.

दसऱ्याला मामा सोनं द्यायला आमच्याकडं आले. मायनं त्यांच्यासाठी धपाटे आणि दही वाढलं होतं. खाऊन झाल्यावर त्यांनी अण्णांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि हात तसाच धरून ठेवला. आवाज चढवला नाही. मामा वाईट माणूस नव्हता, हे मी इथं मुद्दाम लिहिते. "दाजी," ते म्हणाले, "पोरगी कॉलेजात गेली तवापासून हे सुरू हाय. मी काही बिनडोक न्हाई. तिच्या शिक्षणाला माझा विरोधबी न्हाई. कमी पडलं तर मागा. टाकीतून कामून काढता?"

"मी काढलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग जातंय कुठं?"

 मी दारात उभी होते. मला वाटलं, आता अण्णा बोलतील, आता काही तरी म्हणतील. ते हातातली पानं बघत राहिले. मामांनी वाट बघितली आणि उठले. जाताना मायला म्हणाले, "आक्का, येळवशीपस्तोर थांबतो. तवर सुधरलं न्हाई तर गाडीवर माझा डायवर बसंल. नात्यात वाकडेपणा नको."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, तेवढीच मुदत. दुसरा ड्रायव्हर बसला तर काय होणार हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. अण्णा रोजंदारीवर जातील हे एक. दुसरं म्हणजे शकूला आणि बिल्कीसला ज्याच्या शब्दावर पाठवलं तो माणूसच गाडीवर नसेल. त्या घरी बसतील आणि मी एकटी परक्याच्या गाडीतून जाणार नाही, म्हणजे मीही घरी बसेन. आमच्या घरात त्यानंतर भाकरीचा आणि जीपचा आवाज तेवढा राहिला. अण्णा आधीच कमी बोलायचे, ते आणखी कमी बोलायला लागले. मला त्यांचा राग यायचा. चोरी केली नसेल तर ओरडून सांगावं, असा माझा स्वभाव. अजूनही तसाच आहे आणि त्यानं माझं पुष्कळ नुकसान झालंय.

दिवाळी उलटून कॉलेज पुन्हा सुरू झालं आणि एक दिवस फक्त माझ्या बॅचचं प्रॅक्टिकल होतं. शकू आणि बिल्कीस आल्या नाहीत. एकटीच्या शेजारी बाप्ये बसवण्यापेक्षा अण्णांनी मला मधल्या बाकड्यावर, त्यांच्या पाठीशी बसवलं, दोन बाजूला दोन म्हाताऱ्या. पुढं दोन बाजारकरी बसले. धोतरवाला आजा दांड्यापाशी, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, मांडीवर कोंबडीची पाटी. फाटा ओलांडून आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. तिसरा पडला, नेहमीचा चिरका आवाज सुरू झाला. आणि मग अण्णांनी क्लच दाबला, दांडा मागं ओढला तो थेट आज्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे, आणि हात काढून स्टेअरिंगवर ठेवला. गाडीचा आवाज पडला. म्हणजे बंद पडली की काय वाटावं इतका खाली गेला. जातं ओढताना गाणं संपवून बाई नुसती ओढत राहते तसा संथ, खालचा. काचा खडखडायच्या थांबल्या. शेजारची म्हातारी पेंगायला लागली. मला त्या दिवशी ओकारीसुद्धा आली नाही.

मी पुढं वाकून त्या दांड्याकडं बघत राहिले. पहिला आणि तिसरा पुढं ढकलायचा असतो, दुसरा आणि टॉप, म्हणजे चौथा, मागं, सीटकडं ओढायचा. दुसरा म्हणजे पाहुणा, आला तसा गेला. तेवढ्यापुरती शकू गुडघे आणखी चोरायची. टॉप म्हणजे घरजावई, एकदा आला की सगळा रस्ता तिथंच. शकू बसते त्या जागी टॉप टाकायचा म्हणजे अण्णांचा हात तिच्या मांडीला लागणार आणि दांडा लातूरपर्यंत तिच्या पायाला टेकून थरथरत राहणार. कुणाचा धक्का लागणार नाही, असं ते तिच्या बापाला सांगून आले होते. त्या कुणाचा-मध्ये त्यांनी स्वतःलाही धरलं होतं. कॉलेज सुरू झाल्या दिवसापासून त्यांनी आम्हाला तिसऱ्यावर नेलं आणि तिसऱ्यावर आणलं. रस्ता तेवढाच, पण इंजिनाला फेरे जास्त, आणि प्रत्येक फेऱ्याला डिझेल लागतं. हे समजायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. अण्णांना तर पहिल्या दिवसापासून समजत होतं. म्हणूनच जातंय कुठं या प्रश्नावर ते गप्प होते.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी मायजवळ बसले. बोलायला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी म्हटलं, "माय, अण्णा आम्ही असल्यावर टॉप टाकीत न्हाईत."

मायनं तव्यावरची भाकरी उलटली. "हाव. म्हाईत हाय मला."

"तुला कवापासून?"

"मी काय भाकरीच थापून राहिले का नुसती? नवरा हाय माझा."

"मग मामाला सांग की."

"काय सांगू? पोरींचे गुडघे आडवे येतात म्हून?" तिनं फुंकणी हातात घेतली आणि फुंकलंच नाही. "माझा भाऊ दुकानात बसतो, नंदा. त्याच्या तोंडातून गिऱ्हाइकाच्या कानात, तिथून बाजारात. बाजार हसंल. आठ दिवसांत शकूचा बाप पोरीला घरी बसवंल, अन् म्हणंल, अण्णाच्या मनात तरी गुडघ्याचं आलंच कसं. चोर म्हणलेलं बरं. चोराची पोरगी शिकू शकती."

मी म्हटलं, "मी अण्णांशी बोलते."

"बापाशी हे बोलशील? बोल मंग," माय म्हणाली. आणि मला कळलं की मी बोलू शकत नाही. आजच्या मुली बोलतील, बोलावंच. आमच्याकडं ते शब्दच नव्हते. माझ्याकडं नव्हते आणि अण्णांकडंही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शकूला म्हटलं, "सरक. दांड्यापाशी मी बसते."

"तुला गाडी लागती की."

"लागू दे."

शकू खिडकीशी गेली आणि वारा लागल्यावर राणीसारखी ऐसपैस बसली. मी मांडीवर फाइल आडवी ठेवली, तिच्यावर ओढणी पसरली. इंजिनाची वाफ आणि डिझेलचा वास सरळ तोंडावर येत होता. फाटा गेला. तिसरा पडला. गाडी ओरडायला लागली. अण्णांचा हात दांड्याच्या मुठीवर होता, तो ते आता स्टेअरिंगवर नेणार, रोजच्यासारखा. त्यांनी नेला. मी ओढणीखालून माझा हात त्या मुठीवर ठेवला. मूठ गरम होती आणि घामानं ओली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. बराच रस्ता तसाच गेला. मग त्यांनी क्लच दाबला.

मी दांडा मागं ओढला. तो सरळ गेला नाही, करर्र करून दात घासले, सगळी जीप दचकली. मागून कुणी तरी ओरडलं, "काय डायवर, आज गेर पडंना का?"

"नवा क्लीनर ठेवलाय," अण्णा म्हणाले. "शिकून राहिलाय."

मागं हशा पिकला. बिल्कीस माझ्या ओढणीकडं बघत होती. तिला सगळं दिसलं होतं. तिनं आपली फाइल माझ्या फाइलला लावून आडोसा आणखी रुंद केला आणि समोर बघत बसली. पुढं काही दिवसांत मला हात बसला. अण्णांचा डावा पाय हलला की माझा हात. समोर बैल आला की ते स्वतःच गिअर खाली उतरवायचे आणि रस्ता मोकळा झाला की पाय दाबून थांबायचे. तोंडानं आम्ही या विषयावर त्या दिवशी बोललो नाही आणि नंतरही कधी नाही. उलट्या मात्र मला पुष्कळ झाल्या. लातूरला उतरलं की आधी नळाकडं, मग कॉलेज. पहिल्या तासाच्या सरांना वाटायचं मी आजारीच मुलगी आहे.

येळवशीला आम्ही मामांच्या शेतात गेलो. लातूरकडं त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, सगळा मुलूख रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती, पूजा झाली होती, मातीच्या मडक्यात आंबील, मोठ्या पातेल्यात पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, केळीच्या पानावर बाजरीचे उंडे. मामांचे पाहुणे, त्यांच्या दुकानातली माणसं, आमच्या गावातली दोन-चार घरं, पंधरा-वीस जणांची पंगत बसली. मामा खुशीत होते. पंपावरचा हिशेब महिनाभर सरळ येत होता. त्यांनी अण्णांच्या पानात स्वतः भज्जी वाढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा दाजी, जरा डोळा ठेवला की टाकी भरल्याली राहती. माणूस हाय, घसरतो. सुधरला हे महत्त्वाचं. मागचं मी विसरलो. गाडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

पंगतीतली माणसं पानात बघून जेवायला लागली.  गाडी सुधारली, आणि सुधारली म्हणूनच चोरी ठरली. "मामा," मी म्हटलं.

"नंदा," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच, हळू. "मामाला आंबील वाढ."

पलीकडच्या बायकांत शकूची आई बसली होती. मी मडकं उचललं आणि मामांना आंबील वाढली. मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला, पंगत संपेपर्यंत.

मामा वारले तेव्हाही त्यांच्या लेखी दाजी हा एकदा पाय घसरलेला आणि त्यांनी सावरून घेतलेला माणूस होता. त्याआधी अण्णांच्या तेराव्याला येऊन त्यांनी तसं दोघा-तिघांना सांगितलंही, प्रेमानं. शकू नर्स झाली, बिल्कीस देगलूरला शाळेत शिकवायची, आता तिचीही रिटायरमेंट झाली. जीप भंगारात गेली. मी हे कुणाचा हिशेब चुकता करायला लिहीत नाही. मला फक्त चोर हा शब्द तसाच राहू द्यायचा नाही.

येळवशीच्या त्या दिवशी माय भावाकडं मुक्कामाला राहिली. परतताना जीपमध्ये अण्णा आणि मी, दोघंच. ऊन कलत होतं, रिकामी मडकी घेऊन माणसं रानातून घराकडं निघाली होती. मी खिडकीशी बसले होते. दांड्याच्या आसपास कुणाचा गुडघा नव्हता, सगळी सीट मोकळी. रस्ता सरळ झाला, तिसऱ्यावर गाडी ओरडायला लागली. अण्णांनी क्लच दाबला. हात मात्र स्टेअरिंगवरून हलवला नाही. इंजिन मोकळं घरघरत राहिलं, गाडीचा वेग कमी होत चालला, आणि ते समोर बघत थांबून राहिले. मग मी सरकून मधे आले आणि दांडा मागं ओढला.